घर सोडायच्या आधीच मालकाने दुरुस्ती काढली, चालतं का हे?

नोटीस दिलीये, महिनाअखेरीस घर सोडतोय. पण मालकांनी आत्ताच बाथरूमच्या टाइल्स फोडायला घेतल्यात, न सांगताच मिस्त्री आत, सामान सगळं धुळीत, आणि वर म्हणतात खर्च डिपॉझिटमधून कापणार. काय करू?

प्रतिसाद १: शेवटच्या तारखेपर्यंत ताबा तुमचाच, भाडं भरताय ना. पाइप फुटला, शॉर्टसर्किट झालं तर गोष्ट वेगळी, तिथे अडवू नका, पण पुढच्या भाडेकरूसाठी घर चकाचक करायचं काम तुम्ही गेल्यावरही होतं की. आधी कळवून, तुम्हाला जमेल त्या वेळी यायला सांगा आणि हे मेसेजवरच सांगा, तोंडी बोललेलं नंतर कुणी मानत नाही.

प्रतिसाद २: डिपॉझिटचं आधी बघा!! रंग उडणं, टाइल्स जुन्या होणं ही वापराने होणारी झीज, तिचा खर्च साधारणपणे मालकाचाच असतो. तुमच्या हातून काही तुटलं असेल तर तेवढंच, तेही बिल मागून. आजच प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, नाहीतर मिस्त्रीने फोडलेलं पण तुमच्या नावावर लागेल.

प्रतिसाद ३: भाडं मात्र परस्पर थांबवू नका, करार मोडला म्हणून उलट तुमच्यावरच येईल. बाथरूम बंद होतं तेवढ्या दिवसांची सूट लेखी मागा. करारातलं दुरुस्तीचं कलमही वाचा, कायदा सगळीकडे सारखा नसतो.

प्रश्नकर्ता: व्हिडिओ काढला, मेसेजही टाकलाय. करार आज रात्री नीट वाचतो, आभार सगळ्यांचे.