पोळ्या लाटून टेनिस एल्बो झालाय, डॉक्टर पीआरपी घ्या म्हणतायत, घेऊ का?

पोळीभाजी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. माझं डोंबिवलीत छोटं पोळीभाजी केंद्र आहे, अकरा वर्षं झाली. मी आणि अजून एक ताई मिळून रोज साडेतीनशे-चारशे पोळ्या करतो. गेले आठ महिने उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडावर असं दुखतं की सांडशीने पातेलं उचललं की हातातली ताकदच जाते, परवा कुकरचं झाकण फिरवताना डोळ्यात पाणी आलं. ऑर्थोच्या डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितलं. दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी अंगावर होत्या म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, आठ-दहा दिवसांत हात इतका मोकळा झाला की मी एकटीने अठरा किलोच्या चकल्या पाडल्या. आणि जानेवारीत परत सुरू, आधीपेक्षा जास्त.

आता ते म्हणतात पीआरपी करू, म्हणजे तुमच्याच रक्तातून प्लेटलेट जास्त असलेला भाग काढून तुम्हालाच टोचायचा, साइड इफेक्ट नाही. दोन वेळा, एकाचे चौदा हजार. ओपीडीतलं म्हणून मेडिक्लेम मिळणार नाही. अठ्ठावीस हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाहीये, पण हात गेला तर धंदाच गेला, हेही आहे. कोणी घेतलंय का? खरंच बरं होतं का? आणि नंतर किती दिवस लाटणं बंद ठेवावं लागतं?

वायरमन_पिंपरी

ताई मी घेतलंय, कोपरातच. दिवसभर स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड, त्याने झालं होतं. हाताच्या शिरेतून एक मोठी सिरिंज भरून रक्त घेतलं, मशीनमध्ये फिरवलं, आणि वरचं पिवळं पाणी दोन-तीन एमएल सोनोग्राफीत बघत कोपरात सोडलं. टोचताना जेवढं दुखलं त्याच्या दुप्पट पुढचे चार दिवस दुखलं, झोप नाही, आणि व्होवेरानसारखी दुखण्याची गोळी घ्यायची नाही असं बजावलेलं, फक्त पॅरासिटामॉल. दोन महिने काही फरक नाही, मला वाटलं पैसे गेले. चौथ्या महिन्यात हात सुधारला, आता सत्तर टक्के तरी बरा आहे.

पण खरं सांगायचं तर मी तीन आठवडे काम बंद ठेवलं होतं आणि नंतर व्यायामही रोज न चुकता केले, त्यामुळे गुण इंजेक्शनचा की त्याचा हे मला आजही सांगता येणार नाही. मी एकच घेतलं, दुसऱ्याची गरज पडली नाही.

एक_फिजिओ

ताई, तुमची गोष्ट मी दर महिन्याला दोन-तीन जणींकडून ऐकते, कणीक मळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या. नाव टेनिसचं असलं तरी येतात बहुतेक कामाच्या हातांच्याच. लाटणं घट्ट धरलं की मनगट मागे उचललेलं राहतं, ते उचलून धरणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतो तिथला टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, रोज थोडा थोडा झिजतो आणि भरून यायला वेळ मिळत नाही. ही नुसती सूज नसते म्हणून सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने तात्पुरतंच बरं वाटतं. ऑस्ट्रेलियात १६५ जणांवर अभ्यास झाला होता, २०१३ साली छापून आला, त्यात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं वर्षभरात उलटलं, खोटं इंजेक्शन दिलेल्यांमध्ये फक्त १२ टक्के. म्हणजे तुमचं जानेवारीत उलटलं त्यात तुमची काही चूक नाही, चकल्यांचीही नाही. दुसरं स्टेरॉइड मात्र कोणी कितीही म्हणो, घेऊ नका.

पीआरपीच्या आधी मी विचारेन, व्यायाम नीट झालेत का? शेक आणि करंटवाली फिजिओ नाही, ताकदीचे व्यायाम. टेबलावर कोपरापासून हात टेकवायचा, तळहात खाली, मनगट कडेच्या बाहेर, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. डाव्या हाताने उजवा पंजा वर उचलून द्यायचा, मग डावा सोडून उजव्याने एकट्याने पाच मोजत सावकाश खाली आणायचा. पंधरा वेळा, अशा तीन खेपा, रोज. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखत असेल तर बाटलीतलं पाणी कमी करा. हे बारा आठवडे करायचं, दोन आठवड्यांत सोडून देणाऱ्याच जास्त असतात म्हणून कळकळीने सांगतेय.

आणि पातेलं उचलताना तळहात वर ठेवून खालून हात घाला, हा एक बदल आजपासून करा. कणीक मळणं तर हाताने बंदच करा, मळायचं मशीन घ्या, त्या अठ्ठावीस हजारांतले पैसे आधी तिकडे जाऊ देत.

ठाणेकर_७१

माझ्या आईच्या गुडघ्यात पीआरपीची तीन घेतली, एकेका आठवड्याने. काहीच फरक नाही. नंतर वाचलं की ऑस्ट्रेलियात २८८ लोकांच्या गुडघ्यांवर पीआरपी आणि साधं सलाइन अशी तुलना झाली होती, २०२१ मध्ये आली, वर्षानंतर दोघांत फरक नाही. आधी कोणी सांगितलं असतं तर आईला तीनदा टोचून घ्यायला लावलं नसतं, त्याचं अजून वाईट वाटतं. कोपराचं वेगळं असेल तर माहीत नाही.

हाडवैद्य_रेसिडेंट

मी ऑर्थोपेडिक्स करतोय, सरकारी हॉस्पिटलात. कोपराचं थोडं वेगळं आहे, पण फार नाही.

प्लेटलेट म्हणजे डेंग्यूत कमी होतात त्याच, रक्त थांबवणाऱ्या. त्यांच्यात जखम भरून आणणारी प्रथिनं साठवलेली असतात, ती नेहमीच्या रक्तापेक्षा तीन-पाच पट घट्ट करून खराब टेंडनमध्ये सोडायची, कल्पना इतकीच. कल्पना चांगली आहे म्हणून २००९-१० पासून खेळाडूंमुळे गाजली. नेदरलँड्समध्ये १०० पेशंटवर झालेल्या अभ्यासात वर्षानंतर पीआरपीवाल्यांपैकी ७३ टक्क्यांना आराम आणि स्टेरॉइडवाल्यांपैकी ४९ टक्क्यांना. तुम्हाला बहुधा हाच आकडा दाखवतील. पण फिजिओताईंनी वर सांगितलंच आहे, स्टेरॉइड वर्षभरात स्वतःच नुकसान करतं, त्याच्याशी तुलना केली तर दुसरं काहीही चांगलंच दिसणार. अमेरिकेत २३० जणांवर झालं त्यात सहा महिन्यांनी पीआरपीने ८४ टक्के सुधारले, आणि नुसती भूल देऊन तशीच सुई टोचलेलेही ६८ टक्के सुधारले. २०२१ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने ३२ अभ्यास एकत्र केले, दोन हजारांच्या वर लोक, तर तीन महिन्यांनी दुखण्यात आणि कामात लक्षात येण्याजोगा फायदा दिसला नाही. हे आजार बहुतेकांचे वर्ष-दीड वर्षात आपोआप कमी होतात, त्यामुळे ज्याने जे केलं त्याला श्रेय जातं.

साइड इफेक्ट नाही हे अगदी खरं नाही, चार दिवसांचं दुखणं आहे आणि सुईमुळे इन्फेक्शनची थोडी शक्यता राहतेच. तरी घ्यायचं ठरलंच तर एकच घ्या, तीन-चार महिने थांबा, मगच दुसऱ्याचं. सोनोग्राफीत बघून देणार का विचारा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. मान दुखते का, बोटांना मुंग्या येतात का हेही तपासून घ्या, कधी कधी दुखणं मानेतून आलेलं असतं आणि सगळे कोपर टोचत बसतात.

सचिनला हाच त्रास होता, मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं आणि ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध परत खेळला तेव्हा ९३ काढले. पाच महिने लागले, तेही हातावर इतकी माणसं काम करत असताना. तुम्ही रोज चारशे पोळ्या लाटत बरं व्हायला बघताय, तर वेळ लागणारच.

पोळीभाजी_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. व्यायाम मला कोणी सांगितलेच नव्हते, शेक दहा दिवस झाला तेवढाच. मुंग्या येत नाहीत, मान ठीक आहे. आज दुपारी पाण्याच्या बाटलीने करून बघितलं, दहा वेळा जमलं, अकराव्याला हात थरथरला म्हणून थांबले.

मळायच्या मशीनची चौकशी केली, कल्याणला एक जण जुनं देतोय, दहा किलोचं, रविवारी बघून येते. डॉक्टरांना इंजेक्शन तीन महिने थांबूया म्हणून फोन केला, ते रागावले नाहीत. फिजिओताई, एक विचारायचं राहिलं, तोपर्यंत लाटायचं काम त्या दुसऱ्या ताईंना देऊन मी भाजणं घेतलं तर चालेल का? उलथनं डाव्या हाताने धरायची सवय करतेय.

एक_फिजिओ

चालेल, उत्तम. तवा उचलायला मात्र उजवा हात लावू नका, डाव्यानेच उचला, चढवताना आणि उतरवताना कापड धरून.