गिल्मोरचा प्रत्येक सोलो आधीच कळू लागलाय. आता काय ऐकावं, काय वाजवावं?

गोदाकाठ
पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर अतिशय आवडता, तरी हल्ली त्याचा गिटार सोलो सुरू झाला की पुढची मींड कुठे जाणार ते आधीच कळतं. संथ लय, मायनर स्केल, शेवटी लांब गिटार आणि मग आवाज विरत जाणं. त्याचा 'ऑन अ‍ॅन आयलंड' (२००६) अल्बम तर सलग ऐकवत नाही. वाजवताना हातही त्याच जागांवर जातात. रविवारी नाशिकच्या कॉलेज रोडला चार-पाच जण ऐकायला जमतो, तिथे काय लावावं तेही सांगा. 'फ्लॉइड सोडून द्या' हे उत्तर नको.

सिडकोचा बेसवाला
भाऊ, कंटाळा टोनचा नाही, मांडणीचा आहे. म्हणून त्याचीच, पण मांडणी वेगळी असलेली गाणी लावा.

'मनी' (१९७३): सॅक्सोफोन सात मात्रांत वाजतो, गिटार आली की गाणं चार मात्रांवर येतं. सोलोचे तीन भाग आहेत. मधला अगदी कोरडा, बँडही आक्रसून घेतलेला. त्यामुळेच तिसरा भाग एवढा मोठा वाटतो. तिसऱ्यात २४ पडद्यांची लुईस गिटार आहे, कारण वरचे सूर त्याच्या नेहमीच्या स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) २१ पडद्यांत बसत नाहीत. हे हेडफोनवरच ऐका, द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत कोरडा भाग बुडून जातो.

मग 'अनदर ब्रिक इन द वॉल' भाग दोन (१९७९). इथे स्ट्रॅट नाही, पी-९० पिकअपची गोल्डटॉप लेस पॉल गिटार, अ‍ॅम्पशिवाय थेट मिक्सिंग डेस्कमध्ये. खाली डिस्कोचा ठेका असल्याने रेंगाळायला जागाच नाही, वाक्यं तुटक आणि नेमकी येतात. शेवटी 'डॉग्ज' (१९७७), सतरा मिनिटं, टेलिकास्टर गिटार. सोलो गाण्याच्या पोटात ठिकठिकाणी आहेत, शेपटाला नाहीत.

तंबोरा आणि ट्यूब अ‍ॅम्प
वाजवण्याबद्दल. मायनर पेंटाटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, धानीचेच स्वर. बोटं तिथे अडकतात कारण त्या पाचात चुकायला जागा नाही. त्याच्या जादूचा मोठा भाग पाचाबाहेरचा आहे. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चे ओळखीचे चार सूर बघा: बी फ्लॅट, एफ, जी, ई. सा जीवर धरला तर कोमल ग, कोमल नि, सा आणि शुद्ध ध. तो शुद्ध ध आला की काफी थाटाचा रंग चढतो.

सरावासाठी बी मायनर आणि ई मेजर, दोनच कॉर्ड आलटूनपालटून, ८० बीपीएम (मिनिटाला ८० ठोके). 'कम्फर्टेबली नम्ब'च्या शेवटच्या कॉर्डवर (बी मायनर, ए, जी, ई मायनर) हा शुद्ध ध, म्हणजे जी शार्प, वाजवू नका. तिथे जी मेजर आणि ई मायनर दोन्हीत साधा जी आहे, त्यामुळे तो टोचतो.

बारा बारच्या सोलोत पहिले चार बार बेंड (तार ओढून सूर चढवणं) पूर्ण बंद. नंतर बेंड करायचा सूर आधी पडद्यावर दाबून ऐका, मगच तार ओढा. दीड स्वराचा बेंड बहुतेकांचा खाली राहतो आणि डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) लावला की तोच बेसूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो. म्हणून डिले शेवटी, त्याचा वेळ: ६०००० भागिले बीपीएम, गुणिले ०.७५. ८० ला ५६२ मिलिसेकंद. बिग मफ या फझ पेडलचा सस्टेन अर्ध्यावर ठेवा, नाहीतर पिकचा आघात हरवतो.

आणि बाराव्या बारला थांबा. आवाज विरवत नेणारा फेड नाही.

कॉलेजरोडकर
फेडच्या मुद्द्यावर: गिल्मोरचा 'लक अँड स्ट्रेंज' (२०२४) अल्बम जरूर लावा. निर्माता चार्ली अँड्र्यूने प्रत्येक ठिकाणी सोलो कशाला आणि सगळे फेडच का होतात असं विचारलं होतं, हे गिल्मोरनेच मुलाखतींत सांगितलंय. शीर्षकगीत २००७च्या एका जॅमवर उभं आहे, त्यात पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट आहे. कीबोर्डकडे कान ठेवून ऐका.

गोदाकाठ
मनापासून आभार. बी मायनर–ई मेजरवर बसतो. 'डॉग्ज'ची अकूस्टिक गिटार स्टँडर्ड ट्यूनिंगमध्येच आहे का?

सिडकोचा बेसवाला
नाही, सहाही तारा एक पूर्ण स्वर खाली. सहावी ई तार डीवर येते. तार ढिली पडून पडद्यावर खडखडली तर एक गेज (तारेची जाडी) जाड सेट लावा.