‘आनंदच माना’ हे वचन अडचणीतल्या माणसांसमोर कसं घ्यायचं?

घरसभा_इंदूर

सर्वांना सलाम. इंदुरात आमची मराठी घरसभा दर शनिवारी संध्याकाळी भरते. बारा-चौदा माणसं असतात, वेळ दीड तास. पुढचे सहा शनिवार बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र घ्यायचं ठरलंय. पाच अध्याय, १०८ वचनं, म्हणजे आवाक्यातलं आहे.

पण गाडी पहिल्याच पानावर अडते. १:२-४ मध्ये (पहिला अध्याय, वचनं २ ते ४) नाना परीक्षा आल्या की आनंदच माना, कारण विश्वासाची पारख झाली की धीर येतो, असं म्हटलंय. आमच्यात एका घरी डायलिसिस चालू आहे, एका घरी हप्ते थकलेत, एकांचं किराणा दुकान जेमतेम चाललंय. त्यांच्यासमोर हे वाचलं की सगळे ‘आमेन’ म्हणून गप्प बसतात. नाहीतर कुणीतरी ‘देव परीक्षा पाहतोय, विश्वास वाढवा’ म्हणून मोकळं होतं. दोन्हीनं कुणी विश्वासात बोटभरही पुढे जात नाही.

शनिवारी नेमकं काय करायचं, आठवडाभर घरी काय करायचं आणि हे कुठे बिघडतं, एवढंच कृपया सांगा. प्रवचन आमच्याकडे रविवारी असतंच.

---

कस_आणि_हीण

ताई, आधी शब्द नीट पाहून घ्या. अर्धा घोटाळा तिथेच मिटतो.

‘माना’साठी मूळ ग्रीक क्रियापद आहे त्याचा अर्थ समजणे, धरणे, गणणे. आपण हिशेबात एखादी रक्कम जमेला धरतो तसं. ‘आनंद वाटू द्या’ असं याकोब म्हणतच नाही. डोळ्यांत पाणी असतानाही माणूस एखादी गोष्ट जमेच्या बाजूला लिहू शकतो. हे पहिल्या दहा मिनिटांत सांगितलंत तर खोट्या हसण्याचं ओझं उतरतं.

दुसरा शब्द ‘परीक्षांना तोंड द्यावे लागते’ यामागचा. तेच क्रियापद लूक १०:३० मध्ये आहे, यरुशलेमेहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंच्या हाती सापडतो तिथे. नव्या करारात ते एकूण तीनदाच येतं. तिसऱ्यांदा येतं ते प्रेषितांची कृत्ये २७:४१ मध्ये, पौलाचं गलबत वाळूत रुततं तेव्हा. म्हणजे अचानक, न बोलावता अंगावर आलेलं संकट. ते देवानं पाठवलं असं या वचनात कुठेही लिहिलेलं नाही. उलट १:१३ मध्ये देव कुणाला मोहात पाडत नाही हे बजावून सांगितलंय. ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ या दोन्हींचं ग्रीक मूळ एकच असल्यामुळे २ आणि १३ ही वचनं एकाच बैठकीत वाचा. तोडू नका.

तिसरा शब्द ‘पारख’. १ पेत्र १:७ मध्ये हाच शब्द विश्वासासाठी आहे, अग्नीतल्या सोन्याशी तुलना करून. सराफ्यातली उपमा द्यायला आपल्याकडे कुणालाच आवरत नाही, तर ती बरोबर द्या. सराफ काळ्या कसोटीवर दागिना घासतो, पिवळी रेघ उमटते, त्यावर तेजाबाचा थेंब सोडतो. तांब्याचं हीण असेल तर रेघ विरते, सोन्याची टिकते. कसोटीनं सोनं वाढत नाही, आहे ते कळतं. हीण काढायला पुढे मुशीत गाळावं लागतं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि सभेत ती नेहमी एक करून टाकली जातात. संकट आलं म्हणजे माणूस आपोआप पवित्र होतो असं नाही. आपण कुठे ठिसूळ आहोत ते आधी दिसतं. गाळणी पुढच्या रोजच्या वागण्यात होते.

राहिला ‘धीर’. मूळ शब्दाची फोड ‘खाली राहणे’ अशी, ओझ्याखाली टिकून राहणे. याकोब ५:११ मध्ये हाच शब्द ईयोबासाठी आलाय, मुलं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या माणसासाठी. आता ईयोबाचं पुस्तक उघडून पाहा. तिसऱ्या अध्यायापासून तो देवाशी भांडतोय, आपल्या जन्मदिवसाला शाप देतोय. तरी शास्त्र त्याला धीराचा माणूस म्हणतं, कारण तो देवासमोरून उठून गेला नाही. मुकाट सोसणं म्हणजे धीर, ही समजूत आपल्या मंडळ्यांत फार खोलवर गेली आहे. तिनं पुष्कळ नुकसान केलंय.

---

स्तोत्रवही

वरच्या शेवटच्या मुद्द्यावरूनच पुढे जातो. देवाशी खरं बोलणं हा याचा पहिला सराव, आणि त्यासाठी तयार साचा बायबलातल्या स्तोत्रसंहितेत आहे. १३ वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं. १-२ मध्ये तक्रार (मूळ हिब्रूत ‘कोठवर?’ हा सवाल चार वेळा), ३-४ मध्ये मागणं, ५-६ मध्ये भरवसा.

शनिवारी २५ मिनिटं द्या. स्तोत्र दोनदा सावकाश मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसानं. मग तीन मिनिटं शांतता. मग प्रत्येकाला अर्धा कागद आणि बारा मिनिटं. एक ओळ देवाला हाक, तीन-चार ओळी तक्रार, एक नेमकं मागणं. भरवशाची ओळ सुचली तर लिहायची, नाही सुचली तर जागा कोरी ठेवायची.

कोरी जागा का, तर ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे. शेवट गोड करायची सक्ती केलीत की लोक पुन्हा घोकलेली वाक्यं लिहायला लागतात.

तक्रार नेमकी हवी. ‘प्रभू, आमची परिस्थिती बदल’ ही ओळ कुणाचीही असू शकते. ‘प्रभू, १० तारखेला ८,००० चा हप्ता आहे, खात्यात ३,००० आहेत, रात्री दोनला जाग येते आणि शेजारी झोपलेल्या माणसाला मी हे सांगितलेलं नाही’ ही प्रार्थना आहे. लिहिता लिहिताच पुढचं पाऊल कोणतं ते माणसाला दिसतं.

बिघडतं कुठे? एक, कुणी वाचून दाखवलं की लगेच दुसरा सल्ला द्यायला लागतो. आधीच नियम करा की वाचून झाल्यावर फक्त ‘प्रभू, ऐक’ एवढंच म्हणायचं. दोन, वाचायची सक्ती. लिहिणं सगळ्यांनी, वाचणं ज्याला वाटेल त्यानं. तीन, ढोलकी. अशा जड क्षणी शांतता सहन होत नाही म्हणून कुणीतरी स्तुतिगीत सुरू करतं आणि रडणारं माणूस एकटं पडतं. गीत शेवटी ठेवा, मध्ये नको.

घरी रोज दहा मिनिटं पुरेत, झोपण्याआधी. आज देवाचा हात कुठे दिसला, आज मी कुठे खोटं वागलो, उद्याची कोणती गोष्ट भीतीची आहे. तिन्हींची उत्तरं एकेका वाक्यात. पहाटे चारला उठायचा संकल्प करणारे सहसा पहिल्याच आठवड्यात गळतात आणि मग त्याचाच दोष मनाला लावून घेतात.

---

रोजमेळ

मी सरळ चालीबद्दल लिहितो, कारण याकोबाचा सगळा भर तिथे आहे. १:२२-२५ मधला आरशात तोंड पाहून विसरणारा माणूस, ५:४ मधली अडवलेली मजुरी, ५:१२ मधलं ‘होय तर होय, नाही तर नाही’. तंगीत खरेपणाचा पहिला बळी हिशेबात जातो.

दर शनिवारी प्रत्येकानं एकच गोष्ट ठरवायची, सात दिवसांची, तारीख किंवा रुपये असलेली. ‘मी प्रामाणिक राहीन’ चालणार नाही. काही नमुने देतो.

दुकानदार असेल तर रोज सकाळी रिकाम्या काट्यावर शून्य पाहायचं, एक किलोचं प्रमाणित वजन ठेवून तपासायचं, डब्याचं वजन वजा करायचं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर नापतौल विभागाचा शिक्का दर वर्षी लागतो. मुदत संपली असेल तर याच आठवड्यात नूतनीकरणाला टाकायचा. नीतिसूत्रे ११:१ मधली खोटी तागडी ही अशी असते. बहुतेक वेळा कुणी ती मुद्दाम खोटी केलेली नसते, फक्त तपासलेली नसते.

घरी काम करणाऱ्या मावशी असतील तर पगार ठरल्या तारखेला. तंगी असेल तर त्यांना आधी सांगायचं, त्यांनी मागायची वेळ आणायची नाही. लेवीय १९:१३ मध्ये मजुराची मजुरी सकाळपर्यंतही आपल्याजवळ ठेवू नको असं आहे.

हप्ते थकलेल्या घरासाठी सगळ्यात मोठं पाऊल म्हणजे एक पान. कोणाचं कर्ज, मुद्दल किती, व्याज काय, हप्ता किती, किती महिने मागे. सोनं गहाण टाकलेलं, भिशीतलं, मेहुण्याकडून उसनं घेतलेलं, सगळं. मग ते पान नवरा-बायकोनं एकत्र बसून पाहायचं. शेकडा तीनचं सावकारी व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण ५०,००० वर महिन्याला १,५०० नुसतं व्याज होतं, वर्षाला १८,०००, आणि मुद्दल तिथंच. बँकेकडे पुढचा हप्ता चुकायच्या आधी जायचं आणि जमेल तेवढाच आकडा बोलायचा. संकोचापोटी मोठा आकडा कबूल केला की पुढच्या महिन्यात ‘होय’ला किंमत उरत नाही.

आणि कळकळीची विनंती: कर्ज काढून दान देऊ देऊ नका, ‘विश्वासाचं बी पेरा, दसपट मिळेल’ असं कुणीही सांगितलं तरी. २ करिंथ ८:१२ स्पष्ट आहे, ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही.

पुढच्या शनिवारी फक्त ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ सांगायचं. लांबवलं की त्याची साक्ष (सभेत सांगायची अनुभवकथा) होते आणि साक्षीला रंग चढतो.

---

भेटीगाठी

डायलिसिस असलेल्या घराबद्दल. तिथे आधी वचन नेऊ नका, माणूस न्या. सहसा आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास यंत्राला जोडलेलं असतात. वर जाणं-येणं, आणि परतल्यावरचा थकवा. या घराला लागतं ते म्हणजे गाडी, बरोबर बसणारं कुणी, त्या दिवशीचा स्वयंपाक आणि मुलांना शिकवणीला सोडणारं माणूस. वार वाटून घ्या आणि कागदावर लिहा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की कुणीच सांगत नाही.

जाताना शहाळं, केळी, संत्र्याचा रस नेऊ नका. त्यात पोटॅशियम जास्त असतं आणि अशा रुग्णाला ते धोक्याचं ठरू शकतं. पाण्यावरही बंधन असतं. डबा नेण्याआधी पथ्य विचारा.

ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसून राहिले (२:१३), तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि चुकले. ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर रागावतो. भेट वीस मिनिटांची ठेवा. ‘कुणाच्या पापामुळे?’ हा प्रश्न योहान ९:३ मध्ये प्रभूनं स्वतः मोडून काढलाय, तो पुन्हा उभा करू नका. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना जरूर करा. औषध बंद करा असं तिथे नाही.

आणखी एक, आणि यात तडजोड नाही. घरात मारहाण होत असेल तर तिला ‘परीक्षा’ म्हणून सोसायला सांगू नका. महिलांसाठी १८१, तातडीनं ११२. कुणी जगणं नको म्हणत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावून द्या, चोवीस तास चालतो, आणि त्या रात्री त्या माणसाला एकटं ठेवू नका.

---

घरसभा_इंदूर

मनापासून आभार. शब्दांचा भाग आणि स्तोत्र पहिल्या दोन शनिवारी घेते, एका पानाचा हिशेब तिसऱ्या. दोन गोष्टी राहिल्या. ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे, आणि आमच्यात दोन घरांत पैशावरून जुना अबोला आहे. सभेतच समेट घडवावा का? आणि स्तोत्राच्या त्या कागदांचं पुढे काय करायचं?

---

कस_आणि_हीण

सभेत मुळीच नको. चारचौघांत हात मिळवले की दोघंही मंडळीसाठी हसतात आणि घरी जाऊन तेच. मत्तय १८:१५ चा क्रम पाळा, आधी दोघंच, मग एक-दोन साक्षीदार. कबुली दोघा-तिघांच्या जोड्यांत, बायका बायकांत, पुरुष पुरुषांत. ऐकलेलं बाहेर जाणार नाही हे आधी तोंडानं कबूल करून घ्या.

आणि घाई करू नका. आपल्याच भागातलं उदाहरण कॅथलिक सिस्टर राणी मारिया यांचं आहे. उदयनगरकडे गरिबांना सावकारांच्या पाशातून सोडवायला त्या झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसच्या प्रवासात त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, हिनं २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. मध्ये सात वर्षं गेली. आणि क्षमा केली तेव्हा मारेकरी शिक्षा भोगतच होता. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच राणी मारियांना धन्य (कॅथलिक मंडळीत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. हे आपल्या प्रॉटेस्टंट सभेतही सांगा. तुमच्या दोन घरांच्या बाबतीतही क्षमा आणि पैशांचा हिशेब हे वेगळे ठेवा. क्षमा आज सुरू होऊ शकते, रक्कम मात्र लेखी ठरवून परत करावी लागेल.

---

स्तोत्रवही

कागद गोळा करू नका, ज्याचा त्यानं ठेवायचा, बायबलात १३ व्या स्तोत्रापाशी. वर तारीख घाला. सहाव्या शनिवारी तोच कागद काढायचा आणि खाली दुसऱ्या शाईनं लिहायचं की या मागण्याचं काय झालं. ‘अजून काही नाही’ असेल तर तेच लिहायचं. पेनं दोन रंगांची तुम्हीच नेऊन ठेवा, ऐनवेळी कुणाकडे नसतात.