‘आणतो म्हणून सांगितलंन’
इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपण सांगताना, म्हणजे ‘इनडायरेक्ट स्पीच’मध्ये, ‘सेड’नंतर ‘विल’चं ‘वुड’ का करायचं, असं एकानं विचारलंय. घोळ आपल्या मराठीमुळे होतो. आमच्या गुहागरात तांडेल (मासेमारी होडीचा म्होरक्या) दारावरून गेला की आई सांगते, ‘उद्या बांगडे आणतो म्हणून सांगितलंन.’ आणणार तो, पण क्रियापद त्याच्याच तोंडचं, जसंच्या तसं. इंग्रजीत मात्र ‘आय’चा ‘ही’, ‘विल’चं ‘वुड’. ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ करायची घाई नको. निरोप त्याच दिवशी दिला तर ‘टुमॉरो’च बरोबर.  ‘द मून कॉजेस टाइड्स’सारखं कायमचं सत्य वर्तमानकाळातच ठेवलेलं चालतं. शाळेत याच ‘कॉजेस’पायी माझा अर्धा मार्क कापला होता, बाई ‘कॉज्ड’वर अडून बसल्या होत्या!