वेबसाइटच्या चाचणीसाठी फोन घ्यावा तो कोणता?

फोंडेकर:
"एक नवा आयफोन घ्यावा, बाकी सगळे क्रोमच्या डिव्हाइस मोडमध्ये दिसतेच," हे पर्वरीकर बाबांचे कालचे लिखाण वाचून गप्प राहवले नाही. संगणकावर फोनचा आभास करणाऱ्या त्या मोडमध्ये पडद्याची रुंदी बदलते, पण ब्राउझरचे इंजिन (पान मांडणारा गाभा) आणि मेमरी संगणकाचीच राहते. गोव्यात वाळपईपलीकडे दोन जीबी रॅमच्या फोनवर अर्ज भरणाऱ्याचा कीबोर्ड वर आला की 'पुढे' हे बटण त्याखाली गडप होते का, हे तिथे कळत नाही. पहिला खर्च स्वस्त अँड्रॉइडवरच व्हावा.

पर्वरीकर:
वाळपईचे नाव घेतले म्हणजे वाद जिंकला असे होत नाही. माझे काम पाळोळे येथील होमस्टेचे असून पाहुणे बहुतेक आयफोनवाले आहेत. ईमेलच्या रकान्याला बोट लावताच पान मोठे होऊन अर्धा फॉर्म पडद्याबाहेर जात होता, कारण रकान्यातील अक्षरे 16 पिक्सेलपेक्षा लहान होती. आपल्या स्वस्त फोनवर हे जन्मात दिसले नसते.

म्हापसेकर:
आयफोनवर क्रोम टाकून 'दोन ब्राउझर तपासले' असे बिल लावणाऱ्यांचे काय? भारतात आयफोनवरचे क्रोमही त्याच्या मूळ सफारी ब्राउझरच्याच वेबकिट इंजिनावर चालते. असे बिल मी स्वतः पाहिले आहे.

साखळीकर:
ब्राउझर राहू द्या, देवनागरीकडे कोणी पाहतो का? आयफोन आणि अँड्रॉइड यांचे टंक (फॉन्ट) निराळे असतात. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत शीर्षक कोंबले, की 'पर्वरी'चा रेफ एका फोनवर शाबूत आणि दुसऱ्यावर छाटलेला दिसतो.

म्हापसेकर:
मग टंक पानासोबतच पाठवा.

साखळीकर:
जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकाची फाइल जड होते. रेंज धड नसलेल्या गावात ती उतरेपर्यंत वाचणारा पान बंद करून निघून जातो.

पर्वरीकर:
बरे, रेफासाठी तुमचा तो स्वस्त फोनही घेतो. पण आयफोन नकोच, असे फोंडेकरांचे म्हणणे आहे काय?

फोंडेकर:
नको असे मी कुठे म्हटले? नवा नको, एवढेच. जुन्या अँड्रॉइडवरही क्रोम प्ले स्टोअरमधून बरीच वर्षे अद्ययावत होत राहते. सफारी मात्र आयओएसला, म्हणजे आयफोनच्या प्रणालीला, बांधलेली आहे. आयफोन 7 आयओएस 15 वर थांबला आणि कंटेनर क्वेरी (चौकटीच्या रुंदीप्रमाणे आतली मांडणी बदलणारे सीएसएसचे नियम) सफारी 16 मध्ये आल्या, म्हणजे त्यांच्या भरवशावर बांधलेली मांडणी त्या फोनवर कोलमडणारच. नव्या आयफोनवर हे कसे दिसणार?

पर्वरीकर:
म्हणजे आता जुना आयफोनही मीच घ्यायचा! तो ग्राहकाच्या बिलात कोणत्या नावाने दाखवायचा, तेही लिहून टाका.