टेकडीवरील छत्री आणि ओढ्याकाठचे वीरगळ

कोयनाकाठ (प्रश्न):
पाटण तालुक्यातील आमच्या गावच्या टेकडीवर, देवळाच्या पायवाटेला लागून, चार खांबांची छोटी छत्री आहे. शाळेत शिकवत असताना सुट्टीच्या दिवशी पंचक्रोशीतले वीरगळ (झुंजीत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड), सतीशिळा आणि शिलालेख नोंदवत फिरलेल्या गुरुजींच्या स्मरणार्थ ग्रामस्थांनी ती वर्गणीतून उभारली. छत गळू लागल्याने दुरुस्ती काढली आहे. त्याच कामात ओढ्याकाठी उघड्यावर पडलेले सात वीरगळ आणून चौथऱ्यात सिमेंटने बसवावेत, म्हणजे दगड सुरक्षित राहतील आणि स्मारकालाही शोभा येईल, असा काही मंडळींचा आग्रह आहे. मला हे पटत नाही, पण ठामपणे बोलण्याइतकी माहितीही नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मोडीवाचक:
आपली शंका रास्त आहे. खाली झुंज, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, एवढे वीरगळ कुठेही ठेवला तरी सांगतो. खालच्या पट्टीत गुरे कोरलेली असतील तर झुंज गोधनासाठी झाली, हेही कळते. परंतु ती कोणत्या वाटेवर, कोणाच्या शिवेवर झाली, याचा माग बहुधा दगडाच्या जागेवरूनच लागतो, कारण आपल्याकडील वीरगळांवर लेख क्वचितच असतो. शिवाय चौथऱ्यात बसवलेल्या दगडाची पाठ आणि कडा कायमची बुजते. १९७२ च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचे शिल्प ही पुरावस्तू ठरते. तेव्हा हात लावण्यापूर्वी राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावे.

मिरजकर:
तत्त्व मान्य, पण ओढ्याचे पाणी तत्त्व पाळत नाही. आमच्याकडे एका वीरगळावर वर्षानुवर्षे धुणे आपटले गेले. आज वीराच्या हातातली ढाल तेवढी ओळखू येते. वस्तू गावाबाहेर जाऊ नयेत ही ग्रामस्थांची भावनाही समजून घ्यावी. इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला ऐतिहासिक वस्तूंचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तो तिथे नीट सांभाळला गेला हे खरे, तरी सातारकरांना त्यासाठी पुणे गाठावे लागते. विभागाने संमती दिली, तर प्रत्येक दगडाचे माप, छायाचित्र आणि दिशा नोंदवून तो त्याच काठावर पुराच्या रेषेच्या वर, सुट्या जोत्यावर उभा करावा. सिमेंट मात्र नको, आणि कौतुकाने फासला जाणारा ऑइलपेंट तर मुळीच नको.

चुनेवाला:
मी फक्त छताचे सांगतो. छतावर कठडा असेल आणि पन्हाळी बुजली असेल, तर पाणी तुंबून गळणारच. आधी पन्हाळी मोकळी करा, जुना सुटलेला थर खरवडून काढा, मग उतार धरून वीटकोबा (विटांच्या तुकड्यांचा, पाणी अडवणारा थर) करा. पाटणच्या पावसात नुसता रंग दोन वर्षेही टिकत नाही. काम उन्हाळ्यातच आटोपा.

कोयनाकाठ:
सर्वांचे आभार. काल गुरुजींच्या मुलाकडून त्यांची वही मिळाली. प्रत्येक नोंदीत उंची, रुंदी, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला, इतकेच काय, जवळचे झाडसुद्धा लिहिलेले आहे. बैठकीत ती पाने वाचून दाखवल्यावर चौथऱ्याचा आग्रह बराच निवळला. विभागाला पत्र पाठवायचे आणि तूर्त छताचेच काम करायचे ठरले. वहीत मात्र पाचच वीरगळ आहेत. उरलेले दोन मागाहून पुराने उघडे पडले असावेत. येत्या रविवारी टेप घेऊन आम्ही त्यांची नोंद करणार आहोत.