सातबाऱ्यावरील नाव धरावे की कसणारा?

संशोधक विद्यार्थिनी, केज:
बीड जिल्ह्यातील 2 हेक्टरांपर्यंतच्या कोरडवाहू शेतीतील पीकपद्धतीचा मी अभ्यास करीत आहे. आठ-अच्या (खातेदाराच्या नावावरील एकूण जमिनीच्या) उताऱ्यांवरून खातेदारांची यादी केली. परंतु काही खाती दिवंगत वडिलांच्याच नावावर आहेत, तर काही खातेदार पुण्यात असून त्यांची जमीन दुसराच कोणी बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करतो. नमुन्यासाठी कोणाला धरावे?

निवृत्त कृषी अधिकारी, परभणी:
कसणाऱ्यालाच धरावे. कृषी गणनेच्या व्याख्येतही मालकी कोणाची यापेक्षा वहिती कोणाची, हेच पाहिले जाते. चूल, म्हणजे एकत्र जेवणारे कुटुंब, हे एकक मानून तिच्याकडे या हंगामात असलेले प्रत्येक शेत, स्वतःचे, भावाच्या नावचे, बटईचे वा ठोक्याचे (ठरावीक रकमेवर घेतलेले), गट क्रमांकासह वेगळे नोंदवावे. “जमीन किती?” असे विचारल्यास सातबाऱ्यावरचा आकडा ऐकायला मिळतो, “यंदा सोयाबीन कोणकोणत्या शेतात पेरले?” असे विचारल्यास बटईचा तुकडाही बोलण्यात येतो. मात्र मालकासमोर हा विषय काढू नये. मराठवाड्यात 1950चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू असल्यामुळे कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायदेशीर हक्क लागण्याची, मालकांची धास्ती अजून गेलेली नाही. म्हणूनच असे व्यवहार बहुधा तोंडी होतात आणि कागदावर शोधून सापडत नाहीत.

शेतकरी, धारूर:
ताई, वेळेचाही विचार करावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की कित्येक घरांना मार्चपर्यंत कुलूप असते किंवा घरी म्हातारी माणसे तेवढी उरतात. कुलूप दिसले म्हणून शेजारचे घर घेतले, तर सर्वांत कमी जमीन असलेली कुटुंबेच अभ्यासातून गळतील आणि निष्कर्षात शेती आहे त्याहून बरी दिसेल. पोळ्याच्या आसपास एक फेरी करावी, दुसरी गुढीपाडव्यानंतर. खुरपणीला किती बाया लागल्या आणि किती जणी सावडीने (मजुरीऐवजी कामाच्या परतफेडीवर) आल्या, हे घरातील बाईलाच विचारावे. पुरुष अंदाजाने सांगतात, आणि आम्हीही त्याला अपवाद नाही.

संशोधक विद्यार्थिनी, केज:
दोन भावांच्या चुली वेगळ्या, पण शेत एकत्र असेल तर?

निवृत्त कृषी अधिकारी, परभणी:
बियाणे-खताची उधारी आणि मोंढ्यातील (बाजारातील) मालाची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, एकत्र असेल, तर शेती एकच धरावी व चुलींची संख्या वेगळ्या रकान्यात लिहावी. पट्ट्या वेगळ्या असतील, तर औत-बैल सामाईक असले तरी त्या दोन शेती समजाव्यात.